किल्ली नेत नाही

१

रविवारी दुपारी जेवणं झाली की चांगली माणसं आडवी होतात. आम्ही चौघं मात्र फोटोवाल्याच्या स्टुडिओत जमायचो आणि राक्षसांची उणीदुणी काढत बसायचो. मंडळाचं नाव होतं ‘दचक मंडळ’. नाव मी सुचवलं होतं. बाकीच्यांनी सुचवलेली नावं औषधाच्या बाटलीला शोभतील अशी होती, म्हणून माझं मंजूर झालं.

स्टुडिओ म्हणजे फोटोवाल्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. खिडकी नाही. एका भिंतीला रंगवलेले मोठे पडदे गुंडाळून टांगलेले होते. एकावर बाग, एकावर तळं, एकावर पुस्तकांचं कपाट. त्यातला एक पडदा सोडायचा आणि त्याच्यापुढे खुर्च्या मांडायच्या. दारावर फोटोवाल्याने ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ असं झोकदार अक्षरात लिहिलं होतं. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. आठवडाभर लोकांना घाबरवून त्यांचं समाधान होत नसावं. ग्रंथपालबाईंना जगातल्या झाडून सगळ्या राक्षसांच्या खाण्यापिण्याच्या सवयी पाठ होत्या. आणि मी लिफ्ट दुरुस्त करतो. अंधाऱ्या खड्ड्यांत उभं राहून आयुष्य गेलं, त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास शून्य आणि प्रेम अपार.

आम्ही कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले, एकमेकांची भाषणं ऐकली, भीतीचे सिनेमे पाहिले. एकदा ओसाड पडलेल्या गिरणीत सहल नेली. तिथे भूत नव्हतं, मधमाश्या होत्या. डॉक्टरांचा गाल आठवडाभर पावासारखा फुगला होता, आणि पेशंट त्यांनाच दात दाखवा म्हणत होते.

पण खरी गंमत शेवटी असायची. दुसऱ्यांचे राक्षस किती दिवस उसने आणणार, म्हणून आम्ही आमचा स्वतःचा एक घडवायला घेतला होता. ज्याची पाळी असेल त्याने त्याच्यात एक भर घालायची. बाकीच्यांनी एकेक करून ‘मान्य’ म्हणायचं. एकानेही ‘अमान्य’ म्हटलं की भर बाद. पण एकदा मान्य झालेली गोष्ट कुणालाही परत घेता येत नाही की खोडता येत नाही. काहीही लिहून ठेवायचं नाही, राक्षस तोंडीच वाढला पाहिजे, हा बाईंचा आग्रह.

अमान्य कधी कुणी म्हटलं नाही. उगाच कुणाचा हिरमोड कशाला करायचा? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

२

फोटोवाल्याने पहिली भर घातली. त्याला स्वतःचं रूप नाही, तो उभा असतो तिथे नुसता मागचा पडदा दिसतो. डॉक्टर म्हणाले, त्याच्या तोंडात स्वतःचा शब्द नाही, ज्या दारी जातो त्या घरात आजवर जे बोललं गेलं तेवढंच त्याला बोलता येतं. मी माझ्या धंद्यातली घातली. तो जिन्याने येतो, पण त्याच्याआधी लिफ्ट रिकामीच वर येते, कुणी न बोलावता. मग बाई म्हणाल्या, जिथे कुणाची तरी वाट पाहिली जाते तिथेच तो जातो, आणि ज्याची वाट पाहतात त्याच्या आवाजात बोलतो.

डॉक्टर चुकचुकले. “म्हणजे याचं स्वतःचं असं काहीच नाही की हो!”

“बापुडा,” बाई म्हणाल्या.

तेच नाव पडलं.

आता वाटतं, बाईंचं वाक्य ऐकल्यावर तरी मला ताई आठवायला हवी होती. पण तेव्हा मी हसत होतो.

ताई माझी थोरली बहीण. सकाळी औषधांच्या दुकानात काम करायची, दुपारी घरी. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी न्हाणीघरातला बल्ब गेला. भावोजी चपला सरकवत म्हणाले, “किल्ली नेत नाही, दार उघडंच ठेव,” आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बल्ब आणायला उतरले. दुकानदाराने त्यांना पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. पोलीस, दवाखाने, नातेवाईक, सगळं झालं. ते गेले त्याच संध्याकाळी मी आलो आणि शहाणपणा करून नवा बल्ब बसवला. ताई तेव्हा रडली. “आता ते बल्ब घेऊन आले तर?” म्हणाली.

त्यानंतर मी तिच्याकडेच राहायला आलो. दुपारभर ती दाराची कडी काढून ठेवायची. मी ओरडायचो, “चोर येईल एखाद दिवशी!”

“येऊ दे की. तुला घेऊन जाईल. तेवढाच घरात पसारा कमी.”

बोलायला अशी. मी कामावरून आलो की दार पुरतं लोटायच्या आत आतून प्रश्न यायचा, “जेवलास का?” ती बाहेरून आली आणि आत मी असलो, तर बेल न दाबता हातातल्या अंगठीने दारावर टकटक करायची. बेल बिघडलेलीच होती म्हणा. मी जगाच्या लिफ्ट दुरुस्त करायचो आणि घरची बेल दर आठवड्याला पुढच्या रविवारवर ढकलायचो. “बेलचं रविवारी बघू, ताई,” हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

तिचं ते वाट पाहणं एकदाचं सुटावं, एवढंच मला हवं होतं. चार माणसांत बसली, हसली, तर सुटेल असं वाटलं. म्हणून मी तिला मंडळात घेऊन गेलो.

३

तिने तळ्याचा पडदा मागून घेतला. गिरणीतल्या मधमाश्यांची गोष्ट डॉक्टरांनी स्वतःच सांगितली तेव्हा ताई पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला भरून आलं. पुढचे काही रविवार ती माझ्याआधी तयार होऊन बसायची. बापुडा तर तिला फारच आवडला. “गरीब आहे बिचारा,” म्हणायची.

मग तिची पाळी आली. ती बराच वेळ तळ्याकडे बघत राहिली.

“दारात आला की तो दोनदा खाकरतो,” ती म्हणाली. “आणि पायपुसण्यावर पाय पुसतो. खूप वेळ. पायाला काही लागलेलं नसलं तरी.”

“वा!” फोटोवाला म्हणाला. “अंगावर काटा आला. मान्य!”

“काय बारकावा आहे,” डॉक्टर म्हणाले. “मान्य.”

बाईंनीही मान हलवली. “मान्य.”

त्या तिघांनी भावोजींना कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. लग्न झाल्यापासून भावोजी असेच घरी यायचे. आधी दोन खाकरे, मग पायपुसण्यावर घासघास. मी त्यांना चिडवायचो, की पाय पुसताय की पायपुसणं धुताय?

सगळे माझ्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता. ताईच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिलं आलेल्या मुलीसारखा आनंद होता. मनात म्हटलं, खेळ आहे, तिचं दुःख तिने खेळात आणलं, चांगलंच आहे, मोकळी होईल.

“मान्य,” मी म्हणालो.

४

आमच्या इमारतीतली लिफ्ट जुनी, जाळीची. मधोमध जाळीचा खड्डा आणि त्याच्याभोवती वळसे घेत चढणारा जिना. तिची देखभाल माझ्याकडेच. तिचा प्रत्येक आवाज मला माणसाच्या खोकल्यासारखा ओळखता येतो.

त्या आठवड्यात एका दुपारी मी घरीच होतो. लिफ्ट वर येऊ लागली. आमच्या मजल्यावर खट्ट करून थांबली. दार सरकल्याचा आवाज काही आला नाही. मी बाहेर जाऊन पाहिलं तर आत कुणी नव्हतं.

आता हे काही विशेष नाही. बटण अडकतं, ओल धरते, लिफ्ट आपली आपण फिरते. मी बटणाचा पत्रा उघडला, आत फुंकर मारली, पुसून परत बसवलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारी मी बटणांची अख्खी पेटी बदलली, आणि लिफ्ट पुन्हा आली.

बोलाफुलाला गाठ, मी स्वतःला सांगितलं. माझीच भर मलाच आठवत होती, एवढंच.

मग पायपुसण्याकडे लक्ष गेलं. काथ्याचं जाडजूड पायपुसणं. त्याचा काथ्या एका बाजूला कलला होता, कुणी दारातच उभं राहून बराच वेळ पाय घासल्यासारखा. मी तो हाताने उलटा फिरवून सरळ केला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा कललेला.

“ताई, कुणी आलं होतं का?”

“नाही बाई,” ती म्हणाली. मग लगेच, “आत कुणी आलं नाही.”

तिने केस नीट विंचरले होते, आणि लग्नातली साडी नेसली होती.

५

खाकरणं मी ऐकलं तेव्हा हातात चहाचा कप होता. दोनदा. मधे भावोजी थांबायचे तेवढंच थांबणं. मग पायपुसण्याची घासघास, सावकाश, बराच वेळ. मी कप खाली ठेवला आणि धावत जाऊन दार उघडलं. जिना रिकामा होता.

मला आला राग. भीती नाही, राग. मी तडक स्टुडिओत गेलो. फोटोवाल्याला नकला चांगल्या जमतात. डॉक्टरांच्या यंत्राचा आवाज तो असा काढतो की दात शिवशिवतात.

“माझ्या बहिणीची चेष्टा करतोस? लाज नाही वाटत?”

तो एका मुलीचा पासपोर्टचा फोटो काढत होता. त्याचा चेहरा बघून मीच ओशाळलो. मुलगी गेल्यावर तो म्हणाला, “अरे, दुपारभर मी इथेच असतो. विचार शेजारच्या दुकानात. आणि तुझे भावोजी कसे खाकरायचे, मला काय माहीत?”

खरंच होतं ते. तसं खाकरणं माहीत असलेली दोनच माणसं होती, आणि दोघंही दाराच्या आत होतो.

त्या दिवसापासून मी दुपारी घरी यायला लागलो आणि दाराला कडी घालायला लागलो.

६

मग तो बोलला.

लिफ्ट आली. खाकरणं झालं, पाय पुसून झाले. आणि दारापलीकडून भावोजींचा आवाज आला, थोडा घाईतला, चपला सरकवताना असायचा तसा.

“किल्ली नेत नाही. दार उघडंच ठेव.”

बाहेर पडणाऱ्या माणसाचं वाक्य बाहेरून आत येत होतं. माझी पाचावर धारण बसली. ताई दाराला हात लावून उभी होती, डोळे मिटून. गाणं ऐकावं तसं ती ऐकत होती.

मी तिला बाजूला केलं आणि दाराच्या भिंगाला डोळा लावला. समोर जिन्याची भिंत, भिंतीवर मीटरची पेटी, खाली पायपुसणं. कुणी नव्हतं. पण काहीतरी खटकत होतं, आणि ते कळायला मला वेळ लागला. मीटरच्या पेटीला सावली नव्हती. जिन्याच्या दिव्याने तिची सावली रोज भिंतीवर पडते. त्या दिवशी पेटी भिंतीवर रंगवल्यासारखी सपाट होती, आणि भिंत नेहमीपेक्षा जवळ होती.

“बेलचं रविवारी बघू, ताई,” भावोजींच्या आवाजात तो म्हणाला.

मी मागे सरकलो. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला, तसा मी ताईकडे वळलो.

“तो तुला ताई म्हणाला.”

“ऐकलं मी.”

“भावोजी तुला कधी ताई म्हणाले का? ते माझं वाक्य आहे. बेल बिघडली ती भावोजी गेल्यानंतर! ते नाहीत हे, ताई.”

“मला कळत नाही का रे, खुळ्या?” ती म्हणाली. “रोज चार लोकांना औषधं मोजून देते मी. डोकं ठिकाणावर आहे माझं.”

“मग?”

“आवाज तर यांचाच आहे ना. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?” तिने दारावरून हात फिरवला. “तू काळजी करू नकोस. मी दार उघडायची नाही. उघडलं की ते नाहीत हे दिसणार. बंद दाराआडून ऐकलं की ते आहेत. रोज येतोय तो. तेवढं मला पुष्कळ आहे.”

हे तिचे शब्द. मी ते ऐकले, पण मला ते वेडाचे वाटले. आज वाटतं, त्या घरातलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं तेच होतं.

७

खोडता येत नाही, पण भर तर घालता येते. सगळा आठवडा मी हाच विचार करत होतो. येणाऱ्याला येऊ नको म्हणता येणार नाही, ते आधीचं खोडणं झालं. मग त्याला जायला सांगायचं.

रविवारी पाळी डॉक्टरांची होती. मी ती मागून घेतली. ताई शेजारीच बसली होती. सकाळपासून मला धाकधूक होती, की ही अमान्य म्हणणार.

“बापुडा एका घरी फार दिवस येत नाही,” मी म्हणालो. “पुढचा रविवार उजाडायच्या आत तो त्या घराचा नाद सोडतो. आणि एकदा गेला की त्या घरी पुन्हा कधीच येत नाही.”

फोटोवाला माझ्याकडे बघत राहिला. त्याला थोडंफार कळलं असावं. पण त्याने तोंड उघडण्याआधीच ताई बोलली.

“मान्य.”

मग बाकीचे तिघंही मान्य म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून सगळ्यांना चहा केला. तिने का मान्य केलं? तिची भर मी नाकारली नव्हती, मग माझी तिने कशी नाकारावी, असं तिला वाटलं असेल. आमच्या घराण्यात भीड पिढीजात आहे. किंवा तिने त्याच क्षणी काही ठरवलं असेल. मला ते कधीच कळणार नाही.

घरी जाताना ती एवढंच म्हणाली, “तुला माझ्यासाठी जे सुचलं ते केलंस रे.”

मी ते शाबासकी समजून घेतलं.

८

तो आठवडा मी दाराला खुर्ची टेकवून बसलो. तो रोज यायचा. भावोजींच्या आवाजात त्या घरातलं काहीही बोलायचा. दूध उतू गेलं. टॉवेल कुठे आहे. चोराला घरात काय मिळणार. कधी ताईची वाक्यं, कधी माझी. एकदा त्याने मला विचारलं, “जेवलास का?” आणि माझ्या तोंडून चक्क “हो” निघून गेलं.

ताई मात्र शांत होती. माझ्या शर्टांची बटणं लावत बसायची. डब्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या, डाळ, साखर, चहा. मला गॅसची नळी कशी बदलायची ते दाखवलं. “कधीतरी शिकायला नको का? लिफ्ट उचलतोस आणि सिलिंडर उचलत नाही.” मी उत्साहाने शिकलो. मला वाटलं ती सावरली, माणसांत आली. सुंठीवाचून खोकला गेला, असंही एकदा मनात आलं आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो.

माणूस आपल्याला हवं तेच बघतो, एवढं मी त्या आठवड्यात शिकलो. गॅसची नळी अजूनही तिरकी बसते.

शनिवारी दुपारी फोन आला. पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीत लिफ्टमध्ये एक म्हातारी अडकली होती.

“जा,” ताई म्हणाली.

“आजचा दिवस नको.”

“ती बिचारी अंधारात घाबरली असेल. जा, जाऊन ये. मी कडी घालते.”

मी बाहेर पडलो. माझ्यामागे कडी घातल्याचा आवाज आला, तो मी कान देऊन ऐकला.

९

म्हातारीला काढायला वेळ लागला नाही. मी धावतच परत आलो. आमची लिफ्ट तळाला उभी होती. जिन्यानेच जायला हवं होतं. पण धंद्याची सवय, मी लिफ्टमध्ये शिरलो, जाळीचं दार ओढलं, बटण दाबलं.

वर चढत असताना जाळीतून मला जिना दिसत होता. पायऱ्या, कठडा, पुन्हा पायऱ्या. आणि मग ताईच्या चपला.

ती खाली येत होती. लग्नातली साडी. उजवा हात कोपरात वाकवलेला, कुणाच्या तरी दंडात अडकवावा तसा. तिच्या बाजूला जिन्याची भिंत होती, नुसती भिंत. पण ती भिंत तिच्याबरोबर एकेक पायरी उतरत होती. तिच्यावरचा ओलीचा डाग मी रोज बघतो. तो डाग जागेवर नव्हता, ताईच्या खांद्याला लागून खाली सरकत होता.

मी दचकून जाळीचं दार खेचलं. लिफ्ट चालू असताना दार उघडलं की ती जिथल्या तिथे थांबते. हे मी शेकडो माणसांना बजावलं आहे, की घाईत दार ओढू नका, मधेच अडकाल. मी मधेच अडकलो. ती माझ्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर होती, आणि आमच्यामध्ये खड्ड्याची जाळी होती.

“ताई! ताई, थांब!”

ती थांबली. माझ्याकडे बघून हसली, अगदी नेहमीसारखी, आणि मला बरं वाटावं म्हणून बोलावं तशा सुरात म्हणाली, “किल्ली नेत नाही रे. दार उघडंच ठेव.”

बाजूला कुणीतरी दोनदा खाकरलं. मग ती उतरू लागली.

मी दार पुन्हा लावायला गेलो. घाईत खिट्टी खाचेत बसेना. जन्मभर जी खिट्टी मी डोळे मिटून बसवत आलो, ती बसेना. बसली तेव्हा खालच्या पायऱ्यांवर काही आवाज नव्हता. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, आणि कोपऱ्यावरचा बल्बवाला दुकानात पेंगत होता. त्याने कुणालाच पाहिलं नव्हतं.

१०

पोलीस, दवाखाने, नातेवाईक, सगळं पुन्हा झालं.

मी दार उघडं ठेवलं. कितीतरी दुपारी उघडं ठेवलं. पायपुसण्याचा काथ्या सरळ होता तो सरळच राहिला, आणि लिफ्ट कुणी बोलावल्याशिवाय एकदाही वर आली नाही. तिच्यात काहीही बिघाड उरला नव्हता. मी स्वतःच तर सांगितलं होतं, की त्या घरी पुन्हा कधीच येत नाही. बहिणीला वाचवायला बोललो ते तिला घेऊन गेलं, आणि जाताना माझं दारही लावून गेलं. ती दाराच्या अलीकडे राहणार होती. ऐकून तृप्त होणार होती. मी तिला मुदत घालून दिली नसती तर आज दुपारी ती घरात असती.

मंडळात मी बरेच दिवस गेलो नाही. मग गेलो. मला बघून फोटोवाल्याने मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, “आपण तो खेळ आता बंद करू या.”

“माझी एक पाळी द्या,” मी म्हणालो. “शेवटची.”

तळ्याचा पडदा सोडलेला होता. मी त्याच्यापुढे बसलो.

“कधीकधी तो खाकरत नाही,” मी म्हणालो. “दारावर अंगठीने टकटक करतो.”

ताईची अंगठी त्या तिघांनीही पाहिली होती. फोटोवाला हळूच मान्य म्हणाला. डॉक्टरही म्हणाले. ग्रंथपालबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ उघडले, आणि मला दिसलं की त्या दुसराच शब्द म्हणणार आहेत, जो मी एकदा म्हणायला हवा होता. मग त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. ताईने लावलेल्या बटणांपैकी एक तुटलं होतं.

“मान्य,” त्या म्हणाल्या, आणि रुमालाने डोळे पुसले.

मी घर बदललं आहे. ही इमारतही जुनी आहे, लिफ्ट जाळीची आहे. फक्त एक अडचण लक्षात आली. या घरात ताई कधी बोललेली नाही. या भिंतींनी तिचा एकही शब्द ऐकलेला नाही. म्हणून मी रोज कामावरून आलो की दारातच उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो, “जेवलास का?” आवाज माझा, त्याला इलाज नाही. पण बापुड्याला शब्द तेवढे लागतात. आवाज तो आणतो.

एक आठवडा मिळेल. मग दुसरं घर बघीन. शहरात घरं पुष्कळ आहेत.

आज दुपारी ताट वाढून घेतलं आणि तसाच बसलो. दाराला कडी नाही. मघाशी लिफ्ट वर आली, या मजल्यावर खट्ट करून थांबली, आणि दार सरकल्याचा आवाज आला नाही. मी अजून जेवलेलो नाही.